बाटलीतलं आणि खड्यातलं

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी स्फटिक वाढत नाहीत, हे कळायला माझी एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. मागच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत. सकाळी सहाला एक सुरू होतो, सातला दुसरा, आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत भिंत, फडताळ, फडताळातली ताटं, सगळं एका लयीत थरथरत असतं. आम्हा घरच्यांना ते जाणवतही नाही. कॉलेज बंद, लॅबला कुलूप, म्हणून मी माझ्या पदार्थाच्या द्रावणाच्या सात कुप्या डब्यात घालून घरी आणल्या आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवल्या. पाडव्याला बघते तर प्रत्येक कुपीच्या तळाशी मैद्यासारखी भुकटी. संपृक्त द्रावण शांत ठेवलं तर त्यात एखाद-दुसरंच बी धरतं आणि सावकाश मोठं होतं. सतत हादरे बसले की एकदम हजारो बियांना कोंब फुटतात आणि कुणाच्याच वाट्याला पुरेसा माल येत नाही. मला हवा होता एकच खडा, अखंड, पाव ते अर्धा मिलिमीटरचा. पीठ माझ्याकडे बाटलीभर आधीपासूनच होतं.

अप्पांनी एक कुपी उजेडात धरून पाहिली. "छान पांढरं झालंय की. हेच पाहिजे होतं न्हवं?"

मी बेळगावातल्या एका कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. माझा रेणू बिजिनेली अभिक्रियेतला. पिएत्रो बिजिनेली या इटालियन रसायनज्ञाने १८९१ साली दाखवलं की एखादं आल्डिहाइड, एथिल असिटोअसिटेट आणि युरिया एकाच भांड्यात थोड्या आम्लासोबत उकळले की तिघं मिळून सहा अणूंचं एक कडं करतात, चार कार्बन आणि दोन नायट्रोजनचं. त्याचं नाव डायहायड्रोपिरिमिडिनोन. मुलं वर्गात दोनदा अडखळतात आणि तिसऱ्यांदा 'डीएचपीएम' म्हणून सुटका करून घेतात. युरियाऐवजी थायोयुरिया घालून केलेला याच घराण्यातला मोनॅस्ट्रॉल पेशीचं विभाजन मधेच अडवतो, हे १९९९ मध्ये लक्षात आलं. तेव्हापासून या कड्याभोवती गर्दी वाढली, त्या गर्दीत मीही. माझं आल्डिहाइड कोणतं ते सांगत नाही. पेपर अजून छापून यायचाय आणि त्या बाबतीत माझे मार्गदर्शक सर माझ्यापेक्षा जास्त धास्तावलेले असतात.

कृती तशी स्वयंपाकाइतकी सोपी. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये इथेनॉल, त्यात तिन्ही पदार्थ, वर हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब, आणि सहा तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत फ्लास्कमध्येच पाडत उकळणं. युरिया मुद्दाम दीडपट घ्यायचा, कारण तो स्वस्त आणि आल्डिहाइड महाग. ही दीडपट लक्षात ठेवा, पुढे तीच मला भोवली. फ्लास्क थंड झाला की माल खाली बसतो. तो गाळायचा, बर्फाच्या पाण्याने धुवायचा म्हणजे उरलेला युरिया वाहून जातो, मग वाळवायचा. माझ्या भुकटीचा वितळणबिंदू दोनशेच्या पुढे, अगदी नीट. रेणूतले अणू चुंबकाच्या मदतीने ओळखणाऱ्या एनएमआर चाचणीत दोन एन-एच, म्हणजे नायट्रोजनवरचे हायड्रोजन, एक नऊच्या पुढे आणि एक साडेसातच्या आसपास, जिथे असायला हवेत तिथेच.

"मग आता आणि कशाला पाहिजे?" असं आईने विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. एनएमआर सांगतं की कुणाच्या शेजारी कोण बसलंय. पण बसलंय कसं, पाठ वळवून की मांडी घालून, ते त्यातून कळत नाही. आम्ही फळ्यावर सपाट षटकोन काढतो आणि पुढे जातो. बेंझीनचं कडं खरोखर सपाट असतं. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये हेक्झामिथाइलबेंझीनच्या स्फटिकावरून ते सिद्ध केलं. माझ्या कड्यातल्या एका कार्बनला मात्र चार वेगवेगळ्या दिशांना चार बंध आहेत, त्यामुळे ते कडं सपाट राहणं शक्य नाही. वाकलंय हे माहीत होतं. किती आणि कुठे, ते एक खडा मिळाल्याशिवाय कळणार नव्हतं.

डिसेंबरात तो मिळाला, असं मला वाटलं. गाळून उरलेलं इथेनॉल मी फेकत नाही. सरांची शिकवण आहे की पहिलं पीक काढल्यावर वावर लगेच नांगरू नये. एका बीकरमध्ये ते ठेवलं, वर अॅल्युमिनियम फॉइल, फॉइलला सुईने तीन भोकं. नऊ दिवसांनी बीकरच्या कडेने लांब, चौकोनी, पाण्यासारखे स्वच्छ खांब उभे राहिलेले. काही तर नखाएवढे. मी लॅबमध्ये एकटीच होते आणि जोरात ओरडले, शिपाईमामा धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी फुटलं.

एका खांबाचा तुकडा विरघळवून टीएलसी घेतली, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर पदार्थ वेगवेगळ्या उंचीला चढवून ओळखायची चाचणी. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली एकच ठिपका, माझ्या मालाच्या उंचीवर. वितळणबिंदू घेतला नाही. त्यासाठी खडा ठेचून केशनळीत भरावा लागतो, आणि इतके देखणे खडे ठेचायला माझा हात होईना. शिवाय बाटलीतल्या भुकटीचा घेतलेला होताच की.

एकाच खड्यावर क्ष-किरण टाकून आतली अणूंची मांडणी मोजणारं एकल स्फटिकाचं यंत्र आमच्या इथे नाही. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ होईपर्यंत आमच्याकडची कॉलेजं धारवाडच्या विद्यापीठालाच जोडलेली होती, आणि मोठ्या यंत्रांसाठी पाय अजून तिकडेच वळतात. सकाळची लाल बस, हिरेबागेवाडी, कित्तूर, मग धारवाड. कुपी टिफिनच्या डब्यात कापसात रुतवून मांडीवर धरलेली. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं डब्यात काय, मी म्हटलं औषध. खोटं नव्हतं फारसं.

यंत्रावर बसणारे गृहस्थ कन्नड बोलणारे. पहिला प्रश्न, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का. मग त्यांनी खडा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, ध्रुवित प्रकाशात टेबल फिरवलं. चांगला एकसंध खडा दर नव्वद अंशांनी पूर्ण काळा होतो आणि पुन्हा उजळतो, दिव्याचं बटण दाबल्यासारखा. जुळे खडे चिकटून वाढलेले असले तर एक अर्धा विझतो, दुसरा तेवत राहतो. माझा खांब एका झटक्यात विझला. ते खूश झाले. त्यांनी पात्याने त्याचा एक बारीक तुकडा कापला, केसासारख्या काचेच्या तंतूच्या टोकाला डिंकाच्या थेंबावर बसवला आणि यंत्रात चढवला. क्ष-किरण सुरू. पडद्यावर काळ्या भुईवर पांढरे ठिपके उमटायला लागले, नीट ओळीत. मी मनात पेढ्यांचा हिशोब करत होते.

वीसेक मिनिटांत यंत्राने एकक कोष्ठाची मापं काढून दिली. युनिट सेल म्हणजे स्फटिकातली सगळ्यात लहान पेटी, जी चहूबाजूंना पुन्हा पुन्हा मांडली की अख्खा खडा होतो. साडीच्या काठावर नक्षीचा एक घर असतो, मागावरच्या जकार्डच्या पुठ्ठ्यांत तेवढ्याचीच भोकं पाडतात, आणि तोच पुढे चालत जातो, तसं. आकडे आले ५.६६, ५.६६ आणि ४.७१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), सगळे कोन नव्वद. ते गृहस्थ खुर्चीत मागे टेकले.

"मॅडम, इदु निम्द अल्लरी."

हे तुमचं नाही. मला कन्नड चांगलं येतं, तरी मी म्हटलं, काय?

त्यांनी कागदावर हिशोब मांडला. हायड्रोजन सोडले तर सेंद्रिय स्फटिकात प्रत्येक अणूला साधारण १८ घन अँगस्ट्रॉम जागा लागते. माझ्या रेणूत असे अणू २०, म्हणजे एका रेणूला ३६० तरी हवेत. या पेटीची जागा अवघी १५०. माझा अर्धा रेणूसुद्धा त्यात मावत नाही. मग मावतं काय? १५० भागिले १८, साधारण आठ अणू. चार-चार अणूंचे दोन रेणू. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन. ते बोलायच्या आधी मलाच उमजलं आणि कानशिलं तापली.

युरिया. दीडपटीतला अर्धा. भुकटी पाण्याने धुतली म्हणून ती शुद्ध झाली, पण पाण्याच्या आधी जे इथेनॉल गाळून निघालं त्यात न वापरलेला सगळा युरिया बसलेला होता, आणि युरियाला इथेनॉलमधून सुंदर खांब करायची जुनी सवय. टीएलसीने फसवलं कारण युरिया त्या दिव्याखाली दिसतच नाही. दिसला तो खड्याच्या अंगाला चिकटलेला माझ्या मालाचा ओलावा. आणि युरिया वितळतो १३३ अंशांना. एक खडा ठेचला असता तर दहा मिनिटांत आणि फुकटात कळलं असतं. मी बाटलीला प्रश्न विचारला होता आणि उत्तर खड्याच्या नावावर लिहिलं होतं.

गृहस्थांनी चहा मागवला आणि सांगितलं की दरवर्षी कुणीतरी असं काही घेऊन येतंच. युरियाचा स्फटिक तसा बघण्यासारखा असतो म्हणाले. एकेक ऑक्सिजन चार-चार हायड्रोजन बंध धरून बसलेला असतो, इतका हावरा ऑक्सिजन सहसा सापडत नाही. मी मान डोलावली. त्या क्षणी मला त्या ऑक्सिजनचं काही कौतुक नव्हतं.

पेढे तरी घेतलेच. घरी अप्पांनी विचारलं, "पेढे कशाचे?" मी म्हटलं, युरियाचे. त्या आठवड्यात खानापूरचे मामा आलेले होते. त्यांना हे कळल्यावर ते इतके हसले की ठसका लागला. "अगं, पंचेचाळीस किलोचं पोतं पडलंय की गोठ्यात! सांगितलं असतंस तर पाठवून दिलं असतं." मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की १८२८ मध्ये व्होलर या जर्मन रसायनज्ञाने हाच युरिया प्रयोगशाळेत बनवला आणि सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांच्याच अंगात तयार होतात या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. मामा म्हणाले, "ते असू दे. भाताला कवा घालायचा ते विचार त्याला."

जानेवारी-फेब्रुवारी हा आमच्याकडचा खरा स्फटिकाचा हंगाम. पावसाळ्यात बेळगावची हवा इतकी ओली की उघड्या इथेनॉलमध्ये पाणी शिरतं आणि माल खडा व्हायच्या ऐवजी तेलासारखा खाली बसतो. आता हवा कोरडी होती. धुतलेली, पारखलेली भुकटी घेतली. मिथेनॉलमधून सुया आल्या, इतक्या बारीक की उचलताना मोडायच्या. असिटोनायट्राइलमधून पापुद्रे. डीएमएफमधून महिनाभर काहीच नाही, ती कुपी अजून तशीच आहे. शेवटी साधलं ते बाष्पाच्या वाटेने. लहान कुपीत एथिल असिटेटमध्ये विरघळलेला माल, ती कुपी उघडीच एका मोठ्या बरणीत, बरणीच्या तळाशी हेक्झेन, आणि बरणीचं झाकण घट्ट. हेक्झेनची वाफ हळूहळू आतल्या कुपीत उतरते. त्यात माझा रेणू विरघळत नाही, म्हणून तो नाइलाजाने, पण सावकाश, बाहेर यायला लागतो. बरणी जिन्याखालच्या लाकडी कपाटात ठेवली आणि शिपाईमामांना शपथ घातली की कपाट हलवायचं नाही, त्याला टेकून बसायचं नाही, शेजारी घंटेचा टोलसुद्धा ठेवायचा नाही.

अकराव्या दिवशी तळाशी खडे होते. युरियासारखे मिरवणारे नव्हेत. साखरेच्या दाण्याहून लहान, तिरप्या कडांचे, किंचित पिवळसर. मी त्यातले चार उचलले आणि ठेचले. वितळणबिंदू दोनशेच्या पुढे. मगच धारवाडला फोन केला.

या वेळी पेटीची जागा आली १४४० च्या आसपास. चार रेणू. गृहस्थ नुसते माझ्याकडे बघून हसले आणि रात्रभराचं मोजमाप लावून दिलं.

यंत्र जे देतं ते चित्र नसतं, ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली होती पण पटली त्या आठवड्यात. मिळतात ते हजारो ठिपके आणि प्रत्येकाचा लखलखीतपणा. प्रत्येक ठिपका म्हणजे खड्यातून परतलेली क्ष-किरणांची एक लाट. ती किती मोठी ते कळतं, ती कुठल्या टप्प्यावर होती ते हरवलेलं असतं, आणि टप्पा कळल्याशिवाय अणूंच्या जागा निघत नाहीत. आपल्याकडे केदारेश्वर बॅनर्जींनी १९३० च्या सुमारास कोलकात्यात नॅफ्थलीन आणि अँथ्रसीनची रचना काढली, तेव्हा हा गुंता हाताने सोडवायचा होता. नॅफ्थलीन म्हणजे आमच्या साड्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या. १९३३ मध्ये हरवलेले टप्पे थेट ठिपक्यांच्या तेजावरूनच काढायची एक वाटही त्यांनी सुचवली. पुढे त्या दिशेच्या कामाला हाउप्टमन आणि कार्ल यांना १९८५ चं नोबेल मिळालं. मी मात्र जॉर्ज शेल्ड्रिक यांच्या शेल्एक्स या प्रोग्रामला फाइल दिली आणि चहा प्यायला गेले. परत आले तर पडद्यावर तरंगणारे ठिपके, आणि त्यात सहाचं एक कडं, त्याला लटकलेलं दुसरं कडं. ओळख पटायला दोन सेकंदं लागली. तीन वर्षं ज्याला फळ्यावर काढत होते ते माणूस समोरून चालत आल्यासारखं.

आणि ते फळ्यावरच्यासारखं नव्हतं. कडं होडीसारखं होतं, उथळ होडी. एका टोकाला तो चार बंधांचा कार्बन आणि समोरच्या टोकाला नायट्रोजन, दोन्ही जरा वर उचललेले. आल्डिहाइडकडून आलेलं बेंझीनचं कडं त्या कार्बनवर डोलकाठीसारखं, होडीला जवळपास काटकोनात. आणि रेणू एकटा नव्हता. त्याचा एन-एच समोरच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरून, समोरच्याचा एन-एच याच्या ऑक्सिजनला. फुगडी. चार हात मिळून आठ अणूंचं आणखी एक कडं होतं, जे मी फ्लास्कमध्ये कधी बनवलंच नव्हतं. फरक एवढाच की या फुगडीत एक मुलगी डावी असते आणि दुसरी उजवी, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा, कारण माझ्या अभिक्रियेत दोन्ही रूपं निम्मी-निम्मी तयार होतात.

मग कंटाळवाणा भाग, तीन आठवड्यांचा. क्ष-किरणांना दिसतात इलेक्ट्रॉन, आणि हायड्रोजनकडे जेमतेम एक. त्यामुळे कार्बनवरचे हायड्रोजन ०.९३ ते ०.९८ अँगस्ट्रॉमच्या ठरावीक अंतरांवर हिशोबाने बसवायचे, एन-एचचे मात्र नकाशात खरोखर शोधायचे, कारण फुगडी त्यांच्याच जिवावर. रेणूच्या एथिल शेपटाने छळलं. बाकी अणूंचे गोळे लिंबासारखे, आणि शेपटाच्या टोकाचा कार्बन रताळ्यासारखा लांबुळका. सर म्हणाले, तो एका जागी नाही, दोन जागी आहे. म्हणजे काही रेणूंत शेपूट इकडे, काहींत तिकडे, आणि आपल्याला दिसते ती सगळ्यांची सरासरी. माझ्या त्या दाण्यात रेणू किती, ते मी एकदा काढलं होतं. तीनावर सोळा शून्यं. परार्धाच्या एकच घर अलीकडे. शेपटाचे दोन भाग केले, साठ-चाळीस, आणि रताळ्याची दोन लिंबं झाली.

शेवटचा आकडा जमला तेव्हा मी सरांसमोर लॅपटॉप ठेवला. त्यांनी चित्र फिरवून फिरवून पाहिलं, होडी पाहिली, फुगडी पाहिली, खूश दिसले. मग माझ्या टेबलावरची बाटली उचलली.

"हे एका खड्याचं झालं. यात काय आहे?"

मला हसू आलं, कारण उत्तर तयार होतं. खड्याच्या रचनेवरून भुकटीचा क्ष-किरण आलेख कसा यायला हवा ते संगणकावर काढता येतं. मी तो काढला होता आणि बाटलीतल्या भुकटीचा आलेख आठवड्याआधीच घेऊन ठेवला होता. दोन्ही एकावर एक ठेवून दाखवले. शिखराला शिखर. सरांनी बाटली खाली ठेवली आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, ज्याचा अर्थ साधारण 'शहाणी झाली' असा.

घरी अप्पांना मोबाइलवर दाखवलं. एक रेणू नाही, सगळी मांडणी, रांगांमागून रांगा. त्यांनी माग बंद केला, चष्मा चढवला. मी पेटीच्या रेघा दाखवणार तेवढ्यात त्यांनीच बोट ठेवलं. "इथनं सुरू."

आणि बोट उजवीकडे सरकवत नेलं. पुढचा रेणू आला. मला वाटलं तिथे थांबतील. मीही पहिल्यांदा तिथेच थांबले होते आणि सरांनी चूक दाखवली होती. ते थांबले नाहीत.

"ही नाही. ही उलटी पडलीया बघ, पालथी. पुढची धर." बोट पालथ्या रेणूवरून त्याच्या पुढच्यावर गेलं आणि टेकलं. "हां. इथं घर संपला. जकार्डचे पुठ्ठे इथपर्यंतच पाडायचे."

प्रोग्रामनेही रेघ तिथेच मारलेली होती. अप्पांनी मोबाइल परत दिला, चष्मा काढला आणि माग सुरू केला.